तुडुमाला हात न लावणारे तुरकर

माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर शेजारी बसलेले आमचे हेडमास्तर साहेब, संस्थेचे चिटणीस मुन्नालालजी, समोर जमलेली गोंदियाची मंडळी, बिरसीच्या अंगानं बैलगाड्या जुंपून उन्हातान्हातून आलेले गावकरी, पहिल्या रांगेत बसलेल्या माताभगिनी, मागं खिडकीत चढून बसलेले आजी-माजी विद्यार्थी, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा थाट मांडला आहे ते माझे मित्र डोमनलालजी तुरकर मास्तर, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्ष महाराजांपुढं टेबलावर घंटा ठेवलेली मला दिसते आहे. ती माझ्यासाठीच ठेवली आहे, हेही मला कळतं. मी गणिताचा मास्तर. गणिताचे मास्तर थोडक्यात बोलतात असा समज आहे. तो चुकीचा आहे, हे थोड्याच वेळात सिद्ध होईल.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी तुरकर मास्तरांच्या विद्वत्तेचे, शिस्तीचे आणि साधेपणाचे गोडवे गाइले. ते सर्व खरंच आहे. पण सज्जनहो, मी या माणसाबरोबर स्टेशनामागच्या एका खोलीत अर्धं आयुष्य काढलं आहे. मला त्यांचा साधेपणा सांगू नका. सकाळचा चहा कोणी करायचा हे एकदा ठरलं की तो त्यांनीच करायचा, आणि मी तापानं फणफणलो असलो तरी संध्याकाळचा मीच करायचा! मी एकदा विचारलं, "अहो, आज तुम्हीच केलात तर काय आभाळ कोसळेल?" तर म्हणाले, "देवपुजारी, मी केला तर उद्यापासून तो कोणाचाच राहणार नाही." चहा राहिला बाजूला, आणि त्या बोलण्याचा अर्थ लागायला मला बरेच दिवस लागले.

हे वेड आलं कुठून? अमेरिकेतून! हसू नका. रेल्वेतला एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याचं सामान लिलावात निघालं. लोकांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले, कोणी बर्फाची पेटी घेतली. आमच्या मास्तरांनी अमेरिकेच्या जुन्या कायद्यांचा एक जाडजूड ग्रंथ घेतला. त्यानंतर आमच्या खोलीत राईस मिलचा कोंडा उडत यायचा, लहान लाईनच्या गाडीची शिटी यायची, आणि रात्रीच्या जेवणाबरोबर अमेरिका यायची.

ते सांगायचे, की राजाला झुगारून त्या लोकांनी नवं राज्य मांडलं, तेव्हा त्यांना मोठा प्रश्न पडला. अध्यक्ष तर नेमला, पण रोजची कामं कोण करणार? मग त्यांच्या कायदेमंडळानं एकेक कायदा केला, आणि कायद्यातच त्या त्या अधिकाऱ्यावर काम सोपवलं. माणसं मोजायची ती मार्शल नावाच्या अधिकाऱ्यानं. खजिन्याच्या मंत्र्यानं आपला अहवाल द्यायचा तो कायदेमंडळाला. पुढं एकदा एका गृहस्थाला सरकारी हिशेब तपासनिसाचा निवाडा पटला नाही. तो गेला थेट अध्यक्षाकडं. अध्यक्षानं आपल्या कायदेपंडिताला विचारलं, मी हा निवाडा बदलू का? पंडित म्हणाला, नाही. कायद्यानं हे काम तपासनिसाला दिलं आहे. तो प्रामाणिकपणे करतो की नाही एवढं तुम्ही बघा. लबाड निघाला तर त्याला काढा, दुसरा नेमा. पण त्याच्या खुर्चीवर तुम्ही स्वतः बसू नका.

ही गोष्ट मास्तरांनी मॅट्रिकच्या वर्गाला इतक्या वेळा सांगितली, की एकदा इन्स्पेक्टर साहेब आले आणि त्यांनी विचारलं, "देशात सर्वांत मोठा माणूस कोण?" तेव्हा भैय्यालाल नावाचा मुलगा उठून म्हणाला, "जो दुसऱ्याच्या खुर्चीवर बसत नाही तो, साहेब." साहेब त्या वेळी नेमके मास्तरांच्या खुर्चीवर बसलेले होते. पुढचं मी सांगत नाही. हेडमास्तर साहेबांना अजून ठसका लागतो.

मी मात्र त्यांची थट्टाच करायचो. म्हणायचो, "मास्तर, यात एवढं काय आहे? मोठ्या माणसानं चांगल्या हेतूनं एखादं काम उरकून टाकलं तर बिघडलं कुठं?" ते नुसते हसायचे. मग एका दसऱ्याच्या सुट्टीत त्यांनी मला आपल्या गावी नेलं.

त्यांचे थोरले बंधू नंदलालजी गावचे मालगुजार. वडील लवकर गेले. धाकट्या भावाला नंदलालजींनी लेकरासारखं वाढवलं. स्वतः चौथीच्या पुढं गेले नाहीत, पण डोमनलालला शाळेत सोडायला दमणी जुंपून स्वतः यायचे. वहिनी अनुसयाबाई तर त्यांच्यासाठी आईच. पोवारांचं मोठं घर, बोलायला सगळे मोकळे, जेवू घालायला त्याहून मोकळे. पहिल्या दिवशी मी इतका जेवलो की दुसऱ्या दिवशी नागऱ्याच्या महादेवाला जायचं ठरलं होतं, ते रद्द करावं लागलं.

या गावाला एक तलाव आहे. तुरकरांच्या पणजोबांनी तो बांधला. आपल्या भागात तलावाचं पाणी सोडायच्या दाराला तुडूम म्हणतात, आणि ते उघडणाऱ्या माणसाला पानकर. त्या गावची रीत अशी, की एका वर्षी पाण्याची पाळी वरच्या बांध्यांपासून, म्हणजे धानाच्या खाचरांपासून, सुरू व्हायची आणि पुढच्या वर्षी खालच्या, अगदी शेवटच्या बांध्यांपासून. पानकर गावानं पंचांसमोर नेमायचा. नेमल्यावर तुडूम उघडायचं ते त्यानंच. मालगुजारानंही तुडुमाला हात लावायचा नाही. पणजोबांनीच हे ठरवून दिलेलं होतं. स्वतःच्या नातवंडांना ते चांगले ओळखत असणार!

त्या वर्षी आश्विन कोरडा गेला. धान गर्भात आलेलं आणि आभाळात ढगाचा पत्ता नाही. तलावात पाणी थोडं. पाळी होती खालून. खाली लहान लहान लोकांच्या बांध्या, वर मालगुजाराच्या. पाणी खालून वर येईपर्यंत तलाव संपणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

सकाळी आम्ही तोंड धूत होतो, तेव्हा पाळीवरून आरडाओरडा ऐकू आला. पाळ म्हणजे तलावाचा बांध, आमच्या शहरी मंडळींसाठी सांगतो. धावत गेलो. नंदलालजी हातात लोखंडी सब्बल घेऊन तुडुमाकडं निघाले होते. पुढं पानकर फागू मडावी उभा होता. सगळं गाव बघत होतं.

फागू म्हणाला, "पाळी खालून हाये मालक. मले काढाचं असन त काढा. पन म्या आज वरची पाळी नाही सोडत."

"बाजूले हो," नंदलालजी म्हणाले. "तू नोको उघडू. मी उघडतो."

तेवढ्यात आमचे मास्तर, ओला टॉवेल खांद्यावर तसाच, जाऊन तुडुमाच्या दगडावर बसले.

ही मंडळी घरात पोवारी बोलतात. पण त्या दिवशी दोघं भाऊ गावाच्या बोलीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. ते शब्द माझ्या कानात अजून आहेत.

"दादा, फागूले काढ. पंचाईत बसव, दुसरा नेम, मी आडवा येत नाही. पन तुडूमले हात नोको लावू."

"माह्या आजाच्या बापानं बांधला हा तलाव. त्याले मीच हात लावू नोको? हे कोनतं शास्त्र सांगून राहिला तू?"

"त्यानंच सांगून ठेवलं हाये. आज तू लावशीन, तुह्या मागून तुहा पोरगा लावन. मंग खालच्यायनं कोनाकडं पाहाचं?"

नंदलालजींचा चेहरा लालबुंद झाला. "याच्यासाठी शिकवलं काय रे तुले? दमणीत बसवून नेत होतो तो कायले? माह्याच बांधीचं धान मारासाठी?"

"ते धान माहंही हाये, दादा," मास्तर म्हणाले. दगडावरून मात्र हलले नाहीत.

मग नंदलालजींनी सब्बल पाळीवर टाकली. म्हणाले, "ठीक हाये. तुडूम मी नाही उघडत. पन तुह्यासाठी माहं दारही आता उघडनार नाही." आणि मागं न बघता घराकडं निघून गेले.

आम्ही त्याच दुपारी परत आलो. पाणी खालून सुटलं. खालच्या बांध्या वाचल्या. वरचं धान पोचट गेलं, मास्तरांच्या वाट्याचंही. वर्गात मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत, दिली आहेत. अमेरिकेच्या अध्यक्षाला हिशेबनिसाच्या खुर्चीवर का बसू देत नाहीत, हे मला त्या पाळीवर कळलं. वाईट माणसाची भीती सगळ्यांनाच असते, मंडळी. कायदा लिहिणाऱ्यांना घाईत असलेल्या चांगल्या माणसाचीही भीती होती. आणि नंदलालजी चांगले होते, हीच तर त्या दिवसाची अडचण होती.

त्यानंतर मास्तर दर दसऱ्याला गोंदियातच राहिले. सणाच्या दिवशी स्टेशनावर जाऊन उगाच गाड्या बघत बसायचे. दिवाळीनंतर मात्र कोणीतरी येऊन दाराशी एक फडकं ठेवून जायचं. त्यात नव्या धानाचे पोहे असायचे. कोणी पाठवले, हे आणणारा सांगायचा नाही आणि मास्तर विचारायचे नाहीत. मूठभर ते खायचे, उरलेले मी. अनुसयाबाई आज समोर बसल्या आहेत. बाई, ते पोहे उत्तम असायचे. एवढं सांगायचं राहून गेलं होतं. आज ती खोली, तो चहा, तो कोंडा आठवला की माझा जीव गलबलतो. मास्तर चालले, आता संध्याकाळचा चहा करून तो कोणाला देऊ?

पण एक गोष्ट मास्तर कधीमधी बोलून दाखवायचे. म्हणायचे, "देवपुजारी, दादानं फागूला काढलं नाही." खरंच, मनात आणलं असतं तर पंचाईत बसवून काढता आलं असतं. नाही काढलं. पुढंही कोरडी वर्षं आली, पण त्यांनी तुडुमाला हात लावला नाही. भावाशी बोलणं सोडलं, भावाचं ऐकणं सोडलं नाही.

आणि गेल्या फाल्गुनात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आपल्या शाळेच्या ओसरीवर आले. मास्तर वर्गात होते. मला म्हणाले, "देवपुजारी मास्तर, तुमचा तो नौकरीतून सुटून राहिला म्हनते?"

मी म्हटलं, "हो. या चैत्राअखेर."

"फागू थकला. त्याले दिसत नाही आता. गावाले पानकर पायजे." मग म्हणाले, "माह्या पोराइचा मले भरोसा नाही. माहाही नाही. जो माह्याही पुढं उभा राहीन, असा एकच मानूस म्या पाह्यला हाये."

तेवढ्यात घंटा झाली आणि मास्तर खडूचे हात झटकत बाहेर आले. दोघं समोरासमोर. मला वाटलं, आता मिठी मारतील, रडतील. मी रुमाल काढून तयार होतो. नंदलालजींनी सगळं सांगितलं. आणि आमचे मास्तर काय बोलले असतील? म्हणाले, "पंचाईत बसली होती का, दादा?"

"बसली होती. म्या फकत नाव सांगतलं. नेमलं गावानं."

"मंग येतो," मास्तर म्हणाले, आणि तिथंच ओसरीवर खाली बसून थोरल्या भावाच्या पायावर डोकं ठेवलं. रुमाल मलाच लागला.

मुन्नालालजींनी त्यांना संस्थेवर मानाचं पद देऊ केलं होतं. ते त्यांनी का नाकारलं, हे आता आपल्याला कळलं असेल. तिकडं दिल्लीत आपली घटना लिहिणारी मंडळी बसली आहेत. थोड्या दिवसांत आपलं राज्य येईल. तेव्हा कोणी कुठल्या खुर्चीवर बसू नये, हे सांगणारी माणसं गावोगाव लागतील. आमच्या शाळेनं एक दिलं आहे. जपून वापरा.

अध्यक्ष महाराज, आपला हात घंटेकडं गेलेला मी पाहिला. आजचा मान मला दिलात, त्याबद्दल संस्थेचा ऋणी आहे. इतका वेळ सहन केलंत, त्याबद्दल आपणां सर्वांचा. माझ्यामागून बोलणाऱ्यांच्या पाळीचं पाणी मी वरच्या वर पिऊन टाकलं असेल, कोणाचा मान राहिला असेल, थट्टेत कोणाला लागलं असेल, तर ते पोटात घाला.

फक्त एवढं सांगून बसतो. आत्ता मघाशी मंडपाच्या दाराशी मी नंदलालजींना विचारलं, "मालक, औंदा पाण्याची पाळी कुठून?"

म्हणाले, "म्याही तेच इचारलं पानकराले. म्हनते, खालून."

आणि ते हसले. पाळीवरच्या त्या सकाळनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

नमस्कार.