पिशवी बरोबर होती

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे प्रकाशक आणि परीक्षक, आजचे सत्कारमूर्ती कादंबरीकार, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावलेले रसिकहो,

गेल्या वर्षी चार मार्चला, दुपारी सव्वाचार वाजता, सत्कारमूर्ती माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात बसले होते. जाऊ रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, आणि यांच्या कादंबरीत चुकीचं रक्त चढून एक बाई मरणार होती. लेखक माहितीसाठी उंबरा झिजवतो, याचं मला कौतुकच वाटलं. मी तिथेच मटार सोलत होते.

यांनी विचारलं, "ताई, रक्त चुकलं म्हणजे चूक रक्तपेढीचीच ना?"

जाऊला ड्यूटी गाठायची होती, कुकर शिट्टीवर आला होता. म्हणाली, "हो ना."

मी जन्मभर वॉर्डात सिस्टर होते. रक्त लावण्याआधी पेशंटला 'तुमचं नाव काय?' असं विचारायचं, हे मी नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवायचे. 'तुम्ही अमुकच ना?' असं कधीही नाही. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो; घाईतला तर आधी म्हणतो. म्हणून मी तिथेच बोलले, "अहो, उत्तर खिशात घेऊन प्रश्न विचारू नका. काय काय घडतं ते तिला सांगू दे."

हे हसले. "मावशी, कथेला एवढं पुरतं."

पुरलं का? कादंबरीत सिस्टर खाटेपाशी जाते, "तुम्ही सात नंबरच्याच ना?" म्हणते, बाई मान हलवते, पिशवी लागते. चौकशी होते आणि गजाआड जाते कोण? रक्तपेढीतली बाई. परीक्षकांनी या प्रकरणाला 'अस्सल' म्हटलं आहे. अहो, पिशवी बरोबर होती. ती सात नंबरचीच होती. खाट चुकली होती. तुमच्याच कादंबरीत खरी गुन्हेगार, ती सिस्टर, मोकळी सुटली आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही.

अध्यक्षमहाराज, घंटीवर हात असू द्या. मी बसणार आहे, पण एवढ्यात नाही.

लेखकाने कल्पना लढवू नये का? खुशाल लढवावी. मग पहिल्या पानावर 'सर्व तपशील ताईंनी तपासून दिले' असं, तिच्या नाव-हुद्द्यासकट छापलं कशाला? तिने एक ओळ तरी पाहिली होती का?

गेल्या मंगळवारी एका मुलीचे वडील रक्त न्यायला आले. खिडकीत जाऊ होती. त्यांनी तिच्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं. "पुस्तकातल्या त्या तुम्हीच ना?" आणि आमचं हे ध्यान सवयीने "हो" म्हणालं. चुकीचं रक्त देणारी ती हीच, असं धरून त्यांनी पिशवीला हात लावला नाही. "तुमच्या हातची नको. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा." दुसरा माणूस जेवायला गेला होता. मुलगी ऑपरेशन टेबलावर होती. जाऊ पिशवी पुढे करून उभी, आणि ते हात मागे बांधून.

मुलगी वाचली. म्हणून मी आज फक्त भाषण करते आहे.

जाऊ त्या दिवसापासून कामावर गेलेली नाही. महिनाअखेर राजीनामा देणार म्हणते. ती पाहा, शेवटच्या रांगेत बसली आहे. मान वर कर गं.

प्रकाशकांकडून कळतं की दुसरी आवृत्ती छपाईला निघाली आहे. सत्कारमूर्ती, ते प्रकरण दुरुस्त करणार की तिचं नाव काढून चूक कबूल करणार, हे तिला लेखी कळवा. तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत. त्यानंतर आलेलं पत्र मी दारातूनच परत पाठवीन.

संयोजकांनी मला चार गोड शब्द बोलायला बोलावलं, त्याबद्दल मी आभारी आहे. ते शब्द राहून गेले. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या मदर मला म्हणायच्या, जीभ आवर. तेही राहूनच गेलं. उणंदुणं पोटात घाला.

आणि पत्र स्वतः नेऊन द्या. दार उघडेल तिला "ताई, तुम्हीच ना?" म्हणू नका. नाव विचारा, आणि ती सांगेपर्यंत थांबा.