मामीनं घासलेली नळी

बंदुकीचा विषय निघालाच आहे, तर आमच्या पारनेरच्या मामांचं ऐका. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, विलायतीची हुबेहूब नक्कल. बाहेरून काळीभोर, तुकतुकीत. नळी आतून मात्र टाकी लावलेल्या पाट्यासारखी खरबरीत. गोळी हमखास हातभर उजवीकडे जायची. म्हणून मामा हातभर डावीकडे नेम धरायचे आणि गावात नेमबाज म्हणून मिरवायचे.

खंडेनवमीच्या पूजेसाठी मामीनं हंड्या-कळश्यांबरोबर बंदूकही घासली. काठीला चिंधी बांधून नळीच्या आतसुद्धा विटेची पूड फिरवली. पूजेनंतर दरवर्षीप्रमाणे मामा बांधावरच्या कोहळ्यावर बार काढायला उभे राहिले. कोहळ्याच्या डावीकडे मामीचा हंडा वाळत होता. मी विचारलं, "मामा, हंडा हलवू का?"

"ऱ्हाऊ दे. नेम धरायला बरा हाय."

बार झाला. कोहळा जागेवर, हंड्याला आरपार भोक.

"बंदूक बिघडवलीस तू!" मामा ओरडले.

मामीनं हंडा उचलला आणि भोकातून त्यांच्याकडे बघत विचारलं, "अवो, नेम कशावर धरला हुता?"

"हंड्यावर."

"मंग बिघडली कुठं?"