मुनवे आणि म्हैस

केळीच्या पिल्लाचं पान रुंद दिसलं की ते जोमाचं, असं तुम्हाला कुणी सांगितलं हो? आमच्या जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, फत्तेसिंगभाऊंनीच सांगितलं असणार, अख्ख्या लोणखेड्यात ते हेच सांगत हिंडत होते! अहो, माझं माहेर सावद्याचं, मी वडिलांच्या केळीत वाढले... पिल्लाला आम्ही मुनवा म्हणतो. रुंद पानाचा मुनवा वरून गोंडस, खाली कंद लिंबाएवढा. आणि तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानाचा दिसतो काटकुळा, पण कंद केवढा, नारळाएवढा! पण बोलू कशी? समोर जेठ, पदर नाकापर्यंत. आमच्यात जेठाशी बोलायचं नसतं, बोलायचं ते सासूबाईंकरवी.

सासूबाईंनी पोचवलं. तर भाऊ म्हणाले, "तुन्ही सूनले सांग माय, दोन्ही मुनवा विहीरपाशी लाव. ज्या वाढतीन त्याच वावरमा लावसूत. हारनी तं परत शेतीमा बोलानं नई."

मृगात दोन ओळी लावल्या. तुम्हाला सांगते, दसऱ्यापर्यंत माझे काटकुळे कमरेच्या वर, पानं ऐसपैस, आणि ते गोंडस गुडघ्याशीच बसून! मी नुसती हवेत... आणि नेमके दसऱ्याच्याच दुपारी भाऊ पाहुणे घेऊन आले. जेवायला पानं हवीत. मोठी पानं कुठं? माझ्याच ओळीत. सासूबाईंनी विळा घेतला आणि शेंड्यांसकट सपासप... मी स्वयंपाकात, मला पत्ताच नाही.

जेवून भाऊ वाफ्याशी आले, मागोमाग सासूबाई आणि मी. "माय, ह्या तं नुसता खुंट उरनात."

"मीच कापात रे, पान नव्हतं जेवाले."

"कापात ते मरनात. उद्या रुंद पाननाच लावसूत."

अहो, केळ अशी मरते का? जोर कंदात असतो, कापलं तरी आतली पानाची सुरळी रात्रीतून वर सरकते... पण बोलू कशी? समोर जेठ, पदर नाकापर्यंत. शेजारी म्हैस बांधलेली. मी तिच्याच कानाशी मोठ्यानं म्हटलं, "सकाळपर्यंत थांब गं बाई. कंदात जोर असला तर कापलेलंही वर येतं."

भाऊ थबकले. "माय, म्हैस काय म्हनस?"

"सकाळलगुन थांब म्हनस," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या प्रत्येक खुंटातून चार बोटं हिरवी सुरळी वर आली होती, आणि भाऊंनी गड्यांना सांगितलं, "म्हैस म्हनस त्याच मुनवा लावा."