डावं बटण

नाही, नाही, डावं राहू दे — चालत नाही ते उजवं म्हणालीस ना? मग उजवंच बघू. बस तू, त्या स्टुलावर बस, एक पाय डुगडुगतो त्याचा, सांभाळून. तुझ्या लेकाला खेळायला हवी होय ही जॉयस्टिक? दादानंसुद्धा खेळायलाच घेतली होती, हौसेनं — आणि शेवटी काय केलं तिचं? अंथरुणातून मला हाका मारल्या. तुझ्या बाबांचं सगळं अंग गेलं, एक अंगठा तेवढा उरला. मीच वायरी जोडल्या, माझ्या या खोलीपर्यंत आणल्या. उजव्यानं दिवा लागायचा — पाणी दे. डाव्यानं घंटा — श्वास अडकतोय, धाव. पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, त्यातलं एवढंच काय ते कुणाच्या कामी आलं. आलं का? असो.

हे बघ, आत दोन पितळी पट्ट्या. दाबलं की टेकतात, सोडलं की सुटतात, बास. या हिरवट पडल्यात. थोडं स्पिरिट, थोडा कापूस — आता ती वायर तिथे जोड — लागला की नाही दिवा? घंटाही आहे अजून भिंतीवर, का काढली नाही कोण जाणे. दादा फार दाबायचा गं डावं. पाण्याला डावं, कूस बदलायला डावं, नाकावर माशी बसली तरी डावं! तक्रार नाही करत मी, सख्खा भाऊ होता. पण सहा महिने डोळ्याला डोळा नाही, आणि मी काय तरणाबांड होतो? त्या दुपारी घंटा वाजलीच नाही, हे मी डॉक्टरांना सांगितलं, तुलाही सांगितलं. खरंच आहे ते. नाही वाजली. जुनी वस्तू, बटण बिघडलं, त्यात दोष कुणाचा — अगं, तो डाव्याचा स्क्रू कशाला काढतेस? स्प्रिंग उडेल. ऐक माझं. इकडे आण ते.

कागद आहे तो. धूळ जाऊ नये म्हणून — नाही, पट्ट्यांच्या मधोमध धुळीसाठी कोण कागद घालतं, बरोबर आहे तुझं — तू काही बोललीच नाहीस म्हणा. अर्धा तास. अर्धाच तास पडायचं होतं मला, मग काढणार होतो, देवाशपथ काढणार होतो. जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवर चढलेली. आणि त्याचा अंगठा बटणावर, घट्ट — सोडवावा लागला मला. तेव्हा कागद काढायला हवा होता. लोक आले, तू आलीस, सामानात ही घेऊन गेलीस, आणि मी — अशी बघू नकोस. ती वायर डाव्याला नको लावूस. नको. हे बघ, मी काका आहे तुझा, दाबू नकोस —

बंद कर. बंद कर ती, अंगठा काढ.

नीट वाजते. काही झालेलं नाही तिला. घेऊन जा. आणि जाताना दार ओढून घे — मला जरा पडायचंय.