तार सारखीच, जागा नाही

हॅलो? … कोण, आरती? व्हय गं, छबूकाकीच बोलतीय. … न्हाई, भांडन न्हाई झालं. अगं ऐक ना आधी.

… सांगितलं की तुज्या आप्पांना. थोरले दीर ते, त्यांच्या म्होरं कदी तोंड उघडलं न्हवतं मी. पन उद्या वाटनीच्या कागदावर सही हुती. … व्हय, तुजं नाव घेतलं. मला कुठं येतंय गणित?

… लई चिडले. म्हनाले, दोघांच्या जागेला तार एकशेसाठ फूटच लागली, म्हंजे वाटन्या सारख्याच. …

… हो, हो, तू सांगितलंस तसंच म्हनलं. तार कडंनं जाती, आपन ऱ्हातो आत. तुमची जागा चाळीस बाय चाळीस, माजी साठ बाय वीस. फूटभर लांब-रुंद फरशी घातली तर तुमाला सोळाशे लागतील, मला बाराशेच. …

… न्हाई ना पटलं. आप्पाच काडेपेटी घेऊन बसले ओट्यावर. सोळा काड्यांचा एक चौकोन केला, चार-चारचा. दुसऱ्या सोळांचा लांबट, सहा आन दोनचा. मग खडूनं आत घरं पाडली. एकात सोळा, एकात बारा. … तीनदा मोजली गं.

… मग काय! जेवले बी न्हाईत. पहार घेतली आन मधल्या चाळीस फुटी कडेचे खांब उपटून पाच फूट सोताच्या जागंत सरकवले. … व्हय, चाळीस पंचे दोनशे. दोघांना चौदा-चौदाशे. … आता दोन खोल्या काढून शेळ्यांना बी जागा उरती मला.

… असं कसं, काय केलं म्हनं. बापाची जागा कमी हुनार, हे कळत असून बोललीस. तुजे काका असते तर पाठीवर हात फिरवला असता. तुजे उपकार न्हाई इसरायची मी. …

… आप्पा? न्हाई गं, तुज्यावर राग न्हाई आता. दारात उभे हायेत, तुजा फोन आल्यापास्नं. … खरंच. मगाशी मला म्हनाले, पोरीनं मला पापातनं सोडवलं. तुला सांगायला जीभ रेटंना त्यांची. … रडू नको. थांब, देते.

घ्या, आप्पा. मला म्हनलात तेच तिला म्हना.