सईची बारावी

हसू नका, पण यंदा या वयात पुन्हा कॉलेजच्या मुलाखतीला जाऊन आलो. आमच्या नातीच्या, सईच्या. बारावीला ती जेमतेम पास झाली होती. शहरातल्या नामांकित कॉलेजनं दारात उभं केलं नाही, म्हणून लोणी काळभोरला हॉस्टेलवर राहून तिनं पहिलं वर्ष केलं आणि वर्गात पहिली आली. आता त्याच नामांकित कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एक जागा रिकामी झाली होती.

प्राचार्या बाईंनी विचारलं, "बारावीला एवढे कमी का?"

मला राहवेना. "त्याचं असं आहे मॅडम, त्या वर्षी पेपर जरा..."

"अहो, परीक्षेला आपण बसला होतात का?"



सई म्हणाली, "मॅडम, बारावीला आजोबा शिकवायचे. ते पीएचडी आहेत. उत्तर सांगून झालं की त्यांना शंका यायची, मग दुसरं सांगायचे. पेपरात मी दोन्ही लिहायचे आणि दोन्ही खोडायचे."

"आणि लोणीला?"

"तिथं मी एकटीच होते."

"आता राहणार कुठे?"

"घरीच. कसबा पेठेत."

बाईंनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "शहरातल्याच मुलींना आम्ही हॉस्टेल देत नाही. हिला देऊ."

प्रवेश झाला. काल गादी पोचवायला मीच गेलो. गेटवर म्हटलं, "काही अडलं तर घरी ये."

म्हणाली, "आजोबा, काही अडलं नसेल तेव्हा येईन."