चार अँटेनांचा अडॅप्टर

खोटं कशाला बोलू, शेजारच्या सलीमनं कॉम्प्युटरला दोन अँटेनांचा वायफाय अडॅप्टर बसवून गल्लीभर मिरवला, तवापासनं माझ्या पोटात लय दुखत होतं. तडक कोरेगावला दुकानात गेलो. म्हणालो, "चार अँटेनांचा काढा."

दुकानदारानं इचारलं, "आवं, पण घरात वायफाय हाय न्हवं?"

"ते मी बघतो. तुमी अँटेना मोजून द्या."

घरी येऊन लावला. रेंज फुल्ल! पण नाव दिसतंय सलीमच्या वायफायचं. माझा जुना मोडेम नुसत्या वायरीवर चालणारा, त्याला वायफायच न्हाई. शेवटी पासवर्ड मागायला सलीमच्याच दारात उभा राहिलो.

सलीम म्हणाला, "देतो की गड्या. पण माझं एवढंसं नेट तुझ्या चार अँटेनांना पुरंल का रं?"